बिनपगारी पार्लमेंट

खासदारांचा पगार वाढल्याची बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. लोकसेवा करायची म्हणता ना, मग पगार कशाला? मार्च २०२५ मध्ये खासदारांचे मासिक वेतन १ लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झाले, तेही एप्रिल २०२३ पासून लागू धरून, तेव्हा हा प्रश्न गावच्या पारापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरला. त्यामागचा राग मला समजतो. अधिवेशन गोंधळात वाहून जाते, निवडून आलेला माणूस मतदारसंघात लग्नकार्यापुरता दिसतो आणि पगार मात्र वेळेवर निघतो. पण त्यावर ‘पगारच बंद करा’ असा उपाय कुणी सुचवू लागले की मला राहवत नाही. सभासदांना छदामही न देणारे पार्लमेंट खरोखर होते. ते पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि आपल्या देशावर हुकमत गाजवत होते ते हेच. ते कसे होते हे पाहायचे तर १८९२ साली निवडून आलेले पार्लमेंट पाहावे. आपले दादाभाई नौरोजी त्याच पार्लमेंटात बसले होते.

माझे म्हणणे असे आहे की कायदेमंडळात कोण बसणार, हे शेवटी त्याच्या तिथे बसण्याचा खर्च कोण उचलतो यावर ठरते. खर्च ज्याचा, त्यालाच जाब मिळतो. लोकांनी हात आखडता घेतला तर तो खर्च दुसरे कुणीतरी उचलतेच, आणि मग जाबही त्या दुसऱ्याच्याच दारी जातो.

१८९२ च्या जुलैत झालेल्या निवडणुकीत हाऊस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे पार्लमेंटाच्या निवडून येणाऱ्या सभागृहाच्या, ६७० जागा होत्या. काँझर्व्हेटिव्ह आणि त्यांच्या बाजूला गेलेले लिबरल युनियनिस्ट मिळून सुमारे ३१५, ग्लॅडस्टन यांचे लिबरल २७२, आणि आयर्लंडच्या स्वराज्यवाद्यांचे ८१. त्यांचा नेता पार्नेल याच्या पडझडीनंतर या ८१ मध्येही दोन तट होते, पण तराजू त्यांच्याच हातात होता. ऑगस्टमध्ये सॉल्सबरी यांचे सरकार ३५० विरुद्ध ३१० मतांनी पडले आणि वयाच्या ८२ व्या वर्षी ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाले. आजही कुणी या काळाबद्दल लिहू लागले की ग्लॅडस्टनच्या वक्तृत्वावर आणि त्यांच्या जिद्दीवर पाने भरतात. ती जिद्द खरीच होती. पण सभागृहातल्या बाकांवर कोण बसले होते हे पाहिल्याशिवाय नेत्याचे मोठेपण तपासता येत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत एकूण दहा पंतप्रधान झाले. मेलबर्न, डर्बी, ग्लॅडस्टन, सॉल्सबरी आणि रोझबरी हे पाच ईटन शाळेचे. पील, अबर्डीन आणि पामर्स्टन हे तिघे हॅरोचे. दहांपैकी आठ पंतप्रधान दोन शाळांतून यावेत आणि त्याच वेळी मतदानाचा हक्क कारागिरापर्यंत, शेतमजुरापर्यंत पोचलेला असावा, हे दोन्ही एकाच देशात घडत होते. १८३२, १८६७ आणि १८८४ च्या सुधारणा कायद्यांनी मतदार वाढले. १८७२ पासून मतदान गुप्त झाले. उमेदवाराला मालमत्तेची जी अट होती, ती तर १८५८ मध्येच उठली होती. कागदावर पाहिले तर कुणीही पुरुष उभा राहू शकत होता. (बायकांना मतच नव्हते. १८६७ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी ती मागणी सभागृहात आणली, तेव्हा बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६.)

दार उघडे, पण आत जायचे कसे? मतदान केंद्रे उभारणे, कारकुनांचा मेहनताना, निवडणूक अधिकाऱ्याचा सगळा कारभार, हा खर्च सरकार करत नसे. तो उमेदवारांकडून वसूल केला जाई. सभा, पत्रके आणि स्वतःचा प्रचार याशिवायचा हा भुर्दंड. १९१८ पर्यंत हीच पद्धत होती. एवढे करून निवडून आले तरी वर्षातले निम्म्याहून जास्त महिने लंडनमध्ये स्वतःच्या खिशातून राहायचे. कामकाज दुपारनंतर सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चाले. सकाळी कोर्टात किंवा पेढीवर काम उरकून येणाऱ्या माणसाला ते सोयीचे होते. दिवसभर गिरणीत राबणाऱ्याला पगार नसलेली ही दुसरी नोकरी परवडणे शक्यच नव्हते. म्हणून मतदार बदलले तरी बाकांवर जमीनदार, बँकर, कारखानदार, बॅरिस्टर आणि निवृत्त लष्करी अधिकारी यांचीच गर्दी राहिली.

यातून वाट काढली ती दोन गटांनी. पहिला गट आयरिश. त्यांच्यात वकील होते तसे छोटे दुकानदार आणि पत्रकारही होते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या आयरिश लोकांनी पाठवलेल्या निधीतून पक्ष गरजू सभासदांना निर्वाहापुरते पैसे देत असे. त्या बदल्यात १८८४ पासून उमेदवाराकडून लेखी शपथ घेतली जाई की सभागृहात मी पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर मत देईन आणि तसे जमले नाही तर राजीनामा देईन. त्याआधी १८८१ मध्ये याच आयरिश सभासदांनी भाषणांवर भाषणे करत सभागृह सलग ४१ तास चालू ठेवले होते. शेवटी स्पीकरने आपल्याच अधिकारात चर्चा तोडली. पोटाची चिंता असलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या माणसाला असा लढा देता येत नाही. पण याची दुसरी बाजूही दिसते. पैसे पक्षाच्या तिजोरीतून येत होते, त्यामुळे सभासदाची मान पक्षाच्या हातात होती. १८९० मध्ये पक्ष फुटला तेव्हा निधीही आटला आणि त्याची झळ थेट सभासदांना लागली.

दुसरा गट कामगारांचा. १८७४ मध्ये थॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅकडॉनल्ड हे खाणकामगार पहिल्यांदा निवडून आले. बर्ट यांना नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांची युनियन पैसे देत असे. अशा सभासदांनी लिबरल पक्षाचे छत्र मान्य केले होते. १८९२ मध्ये मात्र वेस्ट हॅम साऊथमधून केअर हार्डी आला. दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला हा माणूस. उंच रेशमी टोपी आणि लांब कोट हा सभागृहाचा रिवाज, आणि हा साध्या लोकरी सुटात, डोक्यावर कापडी टोपी घालून आत शिरला. तो कोणत्याही मोठ्या पक्षाचा नव्हता.

या एका माणसाने काय फरक पडला, हे १८९४ च्या जूनमध्ये दिसले. २३ जूनला दक्षिण वेल्समध्ये पाँटिप्रिथजवळच्या अल्बियन खाणीत स्फोट झाला आणि अडीचशेहून जास्त माणसे, पोरे मेली. त्याच दिवशी राजघराण्यात मुलगा जन्मला, पुढे आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला तो. दुसऱ्या दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला आणि त्यात ते गेले. सभागृहाने फ्रान्सला शोकसंदेश पाठवायचे ठरवले, राणीचे अभिनंदन करायचे ठरवले. हार्डीने विचारले की खाणीत मेलेल्यांच्या घरच्यांसाठीही सभागृहाचे दोन शब्द जातील का? ठराव होणार नाही असे त्याला कळले, तेव्हा अभिनंदनाच्या ठरावावर तो विरोध करायला उभा राहिला. चहूबाजूंनी आरडाओरडा झाला, त्याचे बोलणे ऐकू येऊ नये म्हणून सभासद ओरडत राहिले. तो बोलणे संपवूनच बसला. त्या सभागृहात कोळसा खाणींचे मालक होते, खाणींचे भागधारक होते, आणि लिबरलांच्या रांगेत खाणीतून वर आलेले सभासदही होते. पण पक्षाची शिस्त बाजूला ठेवून उभा राहणारा तोच. पुढच्याच वर्षी त्याची जागा गेली. दुःख कोणाचे राष्ट्रीय आणि कोणाचे खासगी, हे सभागृहात बसलेली माणसे ठरवतात, आणि १८९४ मध्ये ती कोण होती हे त्या गदारोळाने दाखवून दिले.

आता दादाभाई. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारा हा प्राध्यापक १८५५ मध्ये कामा कंपनीच्या कामासाठी विलायतेला गेला. १८८६ मध्ये लंडनच्या होबर्नमधून ते पार्लमेंटची निवडणूक हरले. नंतर सेंट्रल फिन्सबरीत त्यांनी वर्षानुवर्षे मतदारसंघ बांधला. १८८८ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सभेत, देशाचे पंतप्रधान असलेल्या सॉल्सबरींनी होबर्नच्या त्या निकालाचा विषय काढून म्हटले की ब्रिटिश मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देण्याइतके पुढे आलेले नाहीत. त्या उद्गारांवर इंग्लंडमध्येच टीकेची झोड उठली आणि दादाभाईंचे नाव घरोघरी पोचले. १८९२ मध्ये ते ५ मतांनी जिंकले. क्लार्कनवेलच्या गल्ल्यांतले घड्याळवाले, छपाई कामगार, कारकून, असा तो मतदारसंघ. त्यांच्या मतांवर हिंदुस्थानचा माणूस कॉमन्समध्ये बसला, ही गोष्ट आजही अंगावर रोमांच आणते, आणि ती तशी आणावीच.

तरीही दादाभाईंची जागा हिंदुस्थानची नव्हती, हे विसरून चालत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७५ मध्येच कॉमन्सकडे अर्ज करून हिंदुस्थानचे थेट प्रतिनिधी पार्लमेंटात असावेत अशी मागणी केली होती. ती कधीच मान्य झाली नाही. दादाभाईंना मत देणारा एकही माणूस हिंदुस्थानात नव्हता, आणि ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्या कोट्यवधींपैकी एकाच्याही हातात त्यांना निवडण्याची किंवा पाडण्याची सोय नव्हती. १८९५ मध्ये फिन्सबरीने त्यांना पाडले तेव्हा हिंदुस्थानचा आवाजही गेला. त्याच निवडणुकीत मुंबईचे मंचेरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून काँझर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आले. तेही पारशी, तेही मुंबईचे, पण काँग्रेसच्या राजकारणाचे विरोधक. सभासदाचा रंग किंवा जन्मगाव पाहून तो कुणाचा प्रतिनिधी हे कळत नाही. परदेशातल्या भारतीय वंशाच्या नेत्यांबद्दल आपण जो अभिमान बाळगतो, तोही हे लक्षात ठेवून बाळगावा. ते त्यांच्या मतदारांना बांधलेले असतात आणि तसेच असायला हवे.

आणि आता त्या व्यवस्थेतली मला सर्वांत अन्यायाची वाटणारी गोष्ट. ब्रिटिश पार्लमेंटात एखाद्या खात्याच्या कारभारावर टीका करायची तर एक सोपी, जुनी रीत होती. त्या खात्याच्या मंत्र्याच्या पगारात कपात सुचवायची. आपल्या लोकसभेत ज्याला कपात सूचना म्हणतात, तीच. पगार मंजूर करायला सभागृहाकडे यावे लागते म्हणून मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. पण हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून जातच नव्हता. १८५८ च्या कायद्याने तो हिंदुस्थानच्या महसुलावर टाकला होता. त्याच्या लंडनमधल्या कौन्सिलाचे पगार आपल्याकडून, त्याच्या कचेरीची इमारतही आपल्याच पैशातून. मंत्र्याला पोसणार नगरचा आणि सोलापूरचा शेतसारा भरणारा शेतकरी, मंत्री जबाबदार असणार लंडनच्या सभागृहाला, आणि त्या सभागृहाच्या तिजोरीतून काहीच जात नसल्याने त्यांना चौकशीची निकड नाही. पैसा देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता आणि हक्क असणाऱ्याला पैसा द्यावा लागत नव्हता. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अखेरीस, ऑगस्टच्या सुमारास, सभासद सुट्टीवर निघाल्यावर रिकाम्या बाकांपुढे वाचले जाई. याबद्दलची तक्रार काँग्रेसच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षे होत राहिली.

२ जून १८९३ ची गोष्ट पाहा. आय.सी.एस.ची, म्हणजे हिंदुस्थानातल्या वरिष्ठ सनदी नोकऱ्यांची, परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव हर्बर्ट पॉल या लिबरल सभासदाने आणला. दादाभाई त्याच्या बाजूने बोलले. सरकारचा विरोध असूनही ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. आपल्याकडे आनंदाची लाट उसळली. पण या मतांची बेरीज करा. ६७० च्या सभागृहात १६० जण मत द्यायला हजर होते. सरकारने ठराव हिंदुस्थान सरकारकडे पाठवला, त्यांनी प्रांतांची मते मागवली, मद्रास सोडून बाकीच्यांनी नकार कळवला आणि ठराव बासनात गेला. हिंदुस्थानात परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडले. सभागृहाने बहुमताने केलेला ठराव सरकारने असा गुंडाळला आणि त्यासाठी एकाही मंत्र्याची खुर्ची हलली नाही, कारण ती हलवण्यात ब्रिटिश मतदाराला काही पडलेले नव्हते. दादाभाईंच्या चिकाटीने १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमले गेले, त्यावर ते स्वतः सभासद होते, आणि १८९७ मध्ये पुण्याचे तिशीतले गोखले तिथे साक्ष द्यायला गेले. आकड्यांनी सज्ज अशी ती साक्ष होती. कमिशनने थोडीफार सूट सुचवली. मूळ रचना तशीच राहिली.

वरच्या, सरदारांच्या सभागृहाबद्दल, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्सबद्दल, फार लिहायची गरज नाही. आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक कॉमन्सने सप्टेंबर १८९३ मध्ये ३०१ विरुद्ध २६७ मतांनी मंजूर केले. आठवड्याभरातच लॉर्ड्सनी ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेकून दिले. १८९४ च्या मार्चमध्ये ग्लॅडस्टन पायउतार झाले. त्यांचे मत न विचारताच राणीने रोझबरींना बोलावले. रोझबरी विशीतच सरदारकीचे वारस झालेले, त्यामुळे कॉमन्सची निवडणूक त्यांनी जन्मात कधी लढवली नव्हती. कोणत्याही मतदाराच्या दारात मत मागायला न गेलेला माणूस जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा पंतप्रधान झाला, आणि त्या काळच्या कायद्याने त्यात काहीच वावगे नव्हते.

हे चित्र पालटले ते पैशाच्याच प्रश्नावर. सभासदांना पगार हवा ही मागणी १८३८ पासून चार्टिस्टांच्या, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीच्या, सहा मागण्यांत होती. सत्तर वर्षे तिला कुणी दाद दिली नाही. १९०९ मध्ये ऑस्बर्न खटल्यात लॉर्ड्सच्या न्यायपीठाने निकाल दिला की कामगार संघटनांना राजकारणासाठी निधी खर्च करता येणार नाही. मजूर सभासदांच्या तोंडचा घासच गेला. त्यानंतर १९११ मध्ये, लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना, सभासदांना वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला. भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीवर आणायला १९१९ चा कायदा यावा लागला. आपल्या घटनाकारांनी हा अनुभव वाया जाऊ दिला नाही. खासदारांच्या वेतनाची तरतूद थेट घटनेच्या कलम १०६ मध्ये आहे.

म्हणून खासदाराच्या १ लाख २४ हजारांवर डोळे वटारण्यापूर्वी दुसरे आकडे पाहावेत. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. हा पैसा कुणाचा? कित्येक वर्षे निवडणूक रोख्यांमुळे हे मतदाराला कळण्याचा मार्गच बंद होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि देणगीदारांची यादी बाहेर आली. १८९२ चा जमीनदार सभासद निदान स्वतःच्या पैशावर उघडपणे बसत होता. आपल्या प्रतिनिधीच्या मागे कोणाचा पैसा आहे हेच आपल्याला माहीत नसेल, तर त्याचा पगार बंद करून आपण त्याला त्याच पैशाच्या आणखी अधीन करू.

गिलोटिनचे तेच. आयरिश सभासदांना गप्प करण्यासाठी ब्रिटिश सभागृहात १८८७ मध्ये ठरावीक वेळी चर्चा कापून मतदान घेण्याची ‘गिलोटिन’ नावाची जी रीत रूढ झाली, ती आपण उचलली. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये लोकसभेने सगळ्या खात्यांच्या लाखो कोटींच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. हिंदुस्थानचे बजेट रिकाम्या बाकांपुढे वाचले जाते म्हणून दादाभाई ज्या सभागृहात तळमळत होते, त्याहून ही अवस्था मला जास्त लागते, कारण ही बाके आपण भरलेली आहेत. आपण ज्या दोन गोष्टींसाठी रस्त्यावर उतरायला हवे त्या या आहेत: देणगीदारांची नावे निवडणुकीआधी जाहीर होणे, आणि प्रत्येक मोठ्या खात्याच्या मागणीवर चर्चा झाल्याशिवाय मतदान न होणे.

पगाराबाबत एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. स्वतःचा पगार स्वतः वाढवून घेणे बरे दिसत नाही. २०१८ च्या वित्त कायद्याने तो महागाईच्या निर्देशांकाला जोडला, ही सुधारणा झाली. ब्रिटनने सभासदांच्या भत्त्यांचा घोटाळा उघड झाल्यावर २००९ मध्ये यासाठी वेगळी स्वतंत्र संस्था कायद्याने उभी केली, आणि आज त्यांच्या सभासदांचे वेतन तीच ठरवते. आपल्याकडे संसदेसाठी आणि विधानसभांसाठीही तसे व्हावे, पेन्शनसकट. तो आग्रह धरताना पगाराचा आकडा शून्यावर आणण्याची भाषा मात्र आपण सोडून द्यावी.